चोवीस सर्वबाद

बस डेपोच्या मागच्या अंगाला, जुन्या टायरांच्या ढिगापलीकडे एक लांबट शेड आहे. फाटक्या, उसवलेल्या सीटा तिथे येतात आणि शिवून परत जातात. त्या शेडमधली मुख्य कारागीर म्हणजे दाभण. तिला दुसरं नाव नाही असं नाही, पण डेपोत ते कुणी घेत नाही. रेक्झिनच्या दोन थरांतून आरपार जाणारी ती जाड सुई कायम तिच्या हातात असते, म्हणून दाभण. तिची जीभही त्याच पोलादाची आहे, असं डेपोचे साहेब म्हणतात. तेही ती शेडमध्ये नसताना.

डेपोत नवा माणूस लागला की कुणीतरी त्याच्या कानाशी लागतंच. "आपली दाभण देशाकडून क्रिकेट खेळलीय बरं का. ती मॅच आठवते? चोवीस सर्वबाद. लोक स्टेडियमच्या गेटातून आत येईपर्यंत खेळ खलास." नवा माणूस हसतो. सगळेच हसतात. मग कधीतरी तो चुकून तिच्यासमोर हसतो, आणि त्याचं काय होतं ते त्याला आधी कुणी सांगितलेलं नसतं.

दाभण त्याच्या हातात रेक्झिनचं एक टोक देते. "धर. ताणून धर. चोवीस ना? बरोबर. आता मला विचार, तेवीस का नाही."

विचारल्याशिवाय सुटका नसते. आणि विचारल्यावर तर नसतेच.

तीन भावांच्या पाठची ही एकटी बहीण. भावांनी तिला कधी बॅट दिली नाही. तू बॉलिंग कर, नाहीतर बॉल आणायला पळ, एवढाच तिच्या वाट्याचा खेळ. भिंतीवर खडूने ओढलेल्या तीन रेघांवर ती इतकी वर्षं बॉल टाकत राहिली की झोपेतून उठवलं असतं तरी तिचा बॉल मधल्या रेघेवरच पडला असता. पुढे लग्न झालं. नवरा डेपोतच ड्रायव्हर, त्याच्याच ओळखीने शेडमध्ये काम लागलं. खेळ सुटला. त्याचं तिला वाईट वाटलं का? वाटलं. पण ते सांगायला वेळ कुणाला होता!

देशाच्या बायकांच्या टीमला त्या सुमारास नुकताच एकदिवसीय सामने खेळायचा दर्जा मिळाला होता. दर्जा मिळाला म्हणजे फक्त दर्जाच मिळाला. बाकी सगळं जुनंच होतं. टीममध्ये एक नर्स होती, दोघी शिक्षिका होत्या, एक बेकरी चालवायची. कप्तान शाळेत खेळाचा तास घ्यायची. एक दिवस ती पॅडांचं गाठोडं घेऊन शेडच्या दारात उभी राहिली. पॅडांवरच्या चिकटपट्ट्या पार मेल्या होत्या. धावताना पॅड घोट्यापर्यंत घसरायचे आणि बॅटिंग करणारी बाई आपल्याच पायात अडकून पडायची.

"चिकटपट्टीचं काही खरं नाही. मी पट्टे लावून देते," दाभण म्हणाली. बसच्या सीटबेल्टचे जाड पट्टे आणि लोखंडी बकलं तिने पॅडांवर बसवली, दुहेरी टाका घालून. मापं बघायला म्हणून मैदानावर गेली. तिथे कुणीतरी म्हणालं, जरा चार बॉल टाका. तिने तीन टाकले. तीन दांड्या उडाल्या. चौथा टाकायच्या आधीच कप्तानाने तिला बाजूला घेतलं.

घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याचं तोंड पडलं. सासूबाई मात्र बोलल्या. "जा. घर मी बघते. पण हरलीस तर तोंड पाडून येऊ नकोस. पडलेली तोंडं या घरात आधीच पुष्कळ आहेत," असं म्हणून त्यांनी मुलाकडे पाहिलं. अशी सासू मिळायला नशीब लागतं, असं दाभण सांगते, आणि ते सांगताना तिचा आवाज जरा खाली येतो.

तर ही टीम परदेशात पहिल्या स्पर्धेला गेली. विमान उतरलं आणि सामानाची मोठी बॅग आलीच नाही. सगळे पॅड त्यातच होते. वाचल्या त्या फक्त तीन जोड्या, त्याही दाभणाच्या हातातल्या पिशवीत होत्या म्हणून. वाटेत त्यांचे टाके पुरे करावेत असा तिचा बेत होता. पिशवीत दाभण नेऊ देणार नाहीत हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. विमानतळावर त्यावरून जे भांडण झालं ते वेगळंच.

समोरची टीम चांगली होती. त्यांनी आपणहून निरोप पाठवला, आमचे पॅड वापरा. इकडच्या टीमचे मॅनेजर, गळ्यात ओळखपत्र आणि कानाला फोन असा एक गृहस्थ, ताडकन म्हणाले, "नको. आम्ही काय मागून खेळायला आलोय? टीव्हीवर त्यांच्या रंगाचे पॅड दिसले तर इज्जतीचा पंचनामा होईल." इज्जत म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी दिसायचं होतं.

तीन जोड्यांत अकराजणींनी कसं खेळायचं, याची तोड दाभणाने काढली. दोघी मैदानात, एकजण तयार होऊन बाहेर. आउट झालेली आली की तिचे पॅड पुढचीला. हिशेब सोपा होता. विकेट जरा सवडीने पडल्या की झालं.

सकाळी निघायच्या वेळी मॅनेजरांनी सगळ्यांना समोर बसवलं. "आपल्या क्रिकेट मंडळाच्या अध्यक्षांचा फोन होता," ते म्हणाले. "या स्पर्धेत आजवरचा नीचांक तेवीस आहे. त्या टीमला त्यानंतर कुणी कुठे बोलावलं नाही. अध्यक्षांचं स्पष्ट म्हणणं आहे, हरा, पण नीचांक नको. नीचांक झाला तर उद्याच्या विमानाने परत यायचं. उरलेल्या मॅचेस सोडून द्यायच्या. टीमचं पुढचं पुढे बघू."

पुढचं पुढे बघू याचा अर्थ न कळायला तिथे कुणी लहान नव्हतं. टीम गुंडाळणार. नर्सने विचारलं, "आणि बरोबर तेवीस झाल्या तर?"

"बरोबरी म्हणजे पण नीचांकच," मॅनेजर म्हणाले. "आणि तेवीस कशाला होतील? चांगलं बोला."

बायांनी मान डोलावली. तेवीस म्हणजे किती, एका दमात होतील! कप्तानाने टॉस जिंकला आणि पहिली बॅटिंग घेतली. का घेतली, हे तिला पुढे बरेच जण विचारत राहिले. तिचं उत्तर एकच, "टॉस जिंकल्याचा आनंद झाला होता."

सकाळची हवा ओली, खेळपट्टीवर हिरवं गवत, आणि समोर एक उंच बॉलर. एवढी उंच, की तिचा हात वर गेला की बॉल झाडाच्या फांदीवरून आल्यासारखा यायचा. दुसऱ्याच बॉलला पहिली विकेट पडली. मग दुसरी. बेकरीवाली गेली, एक बॉल बघितला, दुसरा बघायच्या आधी दांडी गुल. धावा होत होत्या त्या बहुतेक वाइडच्या. कप्तान ओपनिंगला गेली होती ती एका बाजूला उभी होती, आणि दुसऱ्या बाजूला बायका येत होत्या, जात होत्या. भोपळा फोडायला सुद्धा कुणाला सवड मिळत नव्हती.

आणि बाहेर? बाहेर दाभण गुडघ्यांवर बसली होती. तिने लावलेले पट्टे सुटत नव्हते. सीटबेल्टचा पट्टा, दुहेरी टाका, लोखंडी बकल आणि वरून घाम. धावताना निघू नयेत म्हणून केलेलं काम, ते निघतच नव्हतं. "माझा टाका सुटत नाही" हे वाक्य तिने आयुष्यभर छाती पुढे काढून म्हटलं होतं. आज ती त्याच टाक्याला शिव्या घालत होती, आणि शिव्या देण्यात तिचा हात धरणारा डेपोतही कुणी नाही. आउट झालेली बाई आधीच रडवेली, तिचा पाय धरून ही ओढतेय, आणि पुढची ओरडतेय, "अगं सोड लवकर, वेळ संपली तर न खेळताच बाद देतील!" नियमच होता तसा. ठरलेल्या वेळेत क्रीजवर उभी राहिली नाही, की ती पण आउट. सातवी आणि आठवी खेळाडू कशाबशा वेळेत पोचल्या. अर्ध्या वाटेत त्या बकलं लावत होत्या आणि प्रेक्षकांत जे काही थोडे लोक होते ते टाळ्या वाजवत होते. कसल्या टाळ्या ते कळत होतंच.

बावीसवर आठ बाद झाले तेव्हा नर्स परत आली. दहावी खेळाडू मैदानाकडे निघाली. आता नर्सचे पॅड दाभणाला. डाव्या पायाचा निघाला. उजव्याचं बकल आत रुतून बसलेलं. दोघी ओढतायत तोवर बाहेर मोठा आवाज झाला. दहावी पहिल्याच बॉलला गेली होती. बावीसवर नऊ बाद.

मॅनेजर दारात आले. चेहरा पांढरा पडला होता. "राहू दे," ते म्हणाले. "एका पॅडवर कशी जाणार? पाय मोडून घेशील. शेवटच्या खेळाडूला दुखापत आहे असं कळवतो. संपलंच आहे आता."

"कुणाचं संपलं?" दाभण डाव्या पायाचं बकल आवळत म्हणाली.

"अगं, तुझी आजवरची सगळ्यात जास्त धावसंख्या किती?"

"दोन."

"मग?"

"मग दोनच पाहिजेत ना!"

ती निघाली. एका पायाला पॅड, दुसरा उघडा. उंबऱ्यात थांबून तिने मागे पाहिलं आणि मॅनेजरांना म्हणाली, "आणि उजवा पॅड नर्सच्या पायातच राहू द्या. तिला बसायला सांगा. आजच्या दिवसात त्याचं काम संपलं." मग ती चालू लागली. धावली नाही, चालली. वेळ होती तेवढी सगळी घेतली.

अंपायरने तिच्या पायाकडे पाहिलं. कप्तान मधल्या वाटेवर आली. "वेडी आहेस का? दुसरा पॅड कुठाय?"

"माझ्या टाक्याने धरून ठेवलाय. तू ते सोड. कुठे मारू?"

"मारू नकोस. नुसती उभी राहा. मला बॅटिंग मिळू दे, मी करते काहीतरी."

समोरच्या सगळ्या फिल्डर जवळ येऊन उभ्या होत्या. एवढ्या जवळ, की त्यांच्या आपापसातल्या गप्पा ऐकू येत होत्या. दाभणाने चहूकडे पाहिलं. तिच्या पाठीमागे, यष्टीरक्षक सोडली तर लांब दोरीपर्यंत, एक माणूस नव्हता. तिला कुणी विचारलं तर ती खरं सांगते, की भीती वाटली. सासूबाई आठवल्या नाहीत, देव आठवला नाही. फक्त एवढंच वाटलं, की मी लावलेल्या पट्ट्यांपायी ही टीम बुडणार असेल तर मला डेपोत तोंड दाखवायला जागा नाही.

पहिला बॉल नाकासमोरून गेला. दिसला नाही. दुसरा पायाशी आला, तिने जीव खाऊन बॅट फिरवली, आणि बॉल उघड्या नडगीवर असा बसला की आवाज पॅव्हेलियनपर्यंत गेला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. बॉल मात्र पायाला लागून मागे गेला, जिथे कुणीच नव्हतं.

"पळ!" दाभण ओरडली.

कप्तान पळाली. एक झाली. तेवीस. कप्तान दुसऱ्या टोकाला पोचली आणि बॅट टेकवून थांबली. तिकडे एक फिल्डर बॉलच्या मागे सुटली होती. "बस, बस, थांब!" कप्तानाने हात वर केला. तिच्या दृष्टीने बरोबरच होतं. आता स्ट्राइक तिला मिळणार होती, पुढची धाव ती स्वतः काढणार होती.

दाभण थांबली नाही. तिला माहीत होतं, त्या टोकाला गेलेली कप्तान आता त्या उंच बाईच्या तोंडी आहे, आणि सकाळपासून बायका त्या टोकाला जाऊन काय करून आल्यात ते तिने गुडघ्यांवर बसून एकेकीच्या पायाशी पाहिलंय. हातातली धाव सोडून पुढच्या बॉलचा भरवसा कोण धरणार? ती वळली होती. वळून निम्म्या वाटेत आली होती.

"परत जा!" कप्तान किंचाळली.

"मी नाही जात! तू निघ!"

आता कप्तानापुढे दुसरा मार्गच उरला नाही. ती शिव्या देत निघाली. (शाळेत खेळाचा तास घेणारी बाई, पण तिलाही शिव्या येतात हे टीमला त्या दिवशी कळलं.) दाभणाचा उजवा पाय जमिनीला टेकत नव्हता, टेकला की आत काहीतरी कुरकुरत होतं. ती डाव्या पायाने उड्या मारत आली, शेवटी तेही जमेना तेव्हा तिने बॅट पुढे केली आणि अंग सोडून दिलं. बॉल यष्टीरक्षकाच्या हातात आला, बेल्स उडाल्या. सगळ्यांनी हात वर केले.

अंपायरने मान हलवली. नाबाद. मग त्याने एक पाय उचलून त्यावर हात टेकवला, लेगबायची खूण केली आणि दोन बोटं दाखवली. फळ्यावर चोवीस लागले.

पुढच्या बॉलला दाभणाची दांडी उडाली. ती उडणारच होती. तिच्या नावावर शून्य. ती बॅट काखेत धरून लंगडत परत आली, पण मान अशी ताठ की टीव्हीवाल्यांना वाटलं, हिला फळा नीट दिसला नसावा.

समोरच्या टीमने तिसऱ्या ओव्हरला मॅच संपवली. बाहेर शाळेच्या मुलांनी भरलेली बस नुकती येऊन थांबली होती. मुलं झेंडे घेऊन उतरली, त्यांना सांगण्यात आलं की खेळ झाला, आणि ती पुन्हा चढली. दाभणाने हे खिडकीतून पाहिलं. तिला वाईट वाटलं, पण मुलांचं. स्वतःचं नाही.

ड्रेसिंग रूममध्ये मॅनेजर फोनवर होते. "हो साहेब... चोवीस... हो, लाजिरवाणंच... उद्याची तिकिटं बघतो."

"कसली तिकिटं?" दाभण म्हणाली. तिचा पाय बर्फाच्या बादलीत होता.

मॅनेजरांनी फोनवर हात ठेवला. "हे बघ, तेवीस काय आणि चोवीस काय. अध्यक्ष भडकलेत. जगभर हसतायत लोक."

"हसू देत. सकाळी तुमचं वाक्य काय होतं? नीचांक झाला तर परत. झाला का नीचांक?"

"अगं, तांत्रिकदृष्ट्या..."

"मला तंत्रबिंत्र कळत नाही. झाला की नाही झाला? हो का नाही?"

मॅनेजर ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळायला लागले.

"त्यांना सांगा, इथे एक बाई नडगी फोडून घेऊन बसलीय. तेवीसच्या वर जायचं सांगितलं, आम्ही गेलो. मोजून गेलो. आता शब्द फिरवायचा असेल तर त्यांनी मला फोनवर सांगावा. द्या इकडे."

तिने खरंच हात पुढे केला. मॅनेजरांनी फोन मागे घेतला. मग नर्स उभी राहिली. मग बेकरीवाली. कप्तान सगळ्यात शेवटी उठली आणि दारात जाऊन उभी राहिली, म्हणजे बाहेर जायची वाटच बंद. मॅनेजरांनी एकेकीकडे पाहिलं, आणि या गृहस्थाबद्दल इतकं चांगलं बोललं पाहिजे, की त्याने फोन कानाला लावला आणि म्हणाला, "साहेब, नीचांक झालेला नाही. टीम थांबतेय." पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. मॅनेजर ऐकत राहिले. "हो साहेब, मी जबाबदारी घेतो," ते शेवटी म्हणाले आणि मटकन बाकावर बसले.

नडगीला चीर गेली होती. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. दुसऱ्या मॅचला दाभण कुबड्या घेऊन ड्रेसिंग रूमच्या बाहेर खुर्चीत बसली. हरवलेली बॅग सापडली होती, सगळ्यांच्या पायांत आपापले पॅड होते. टीम पुन्हा कोसळलीच, काही चमत्कार झाला नाही. पण सावकाश कोसळली. नर्सने चक्क दोन चौकार मारले. सात बाद झाले होते, हरणं ठरलेलं होतं, आणि तेवढ्यात बेकरीवालीने एक धाव काढली. दाभण कुबडीने पत्र्याच्या कठड्यावर बडवायला लागली. मागून सगळ्या बाया ओरडत उठल्या, एकमेकींच्या गळ्यात पडल्या. असा कल्ला, की मैदानातल्या फिल्डर थांबून बघायला लागल्या.

पहिल्या मॅचमधली ती उंच बॉलर त्या दिवशी मॅच बघायला आली होती. प्लास्टर कसं आहे ते विचारायला ती दाभणापाशी येऊन उभी होती. तिने फळ्याकडे पाहिलं, या नाचणाऱ्या बायांकडे पाहिलं, आणि तिला हसू आवरेना.

"तुम्ही हरताय ना?" तिने विचारलं. "मग एवढं काय झालं?"

"अठ्ठेचाळीस झाल्या," दाभण म्हणाली.

"मग?"

"परवा चोवीस. आज अठ्ठेचाळीस. दुप्पट." तिने कुबडी खाली ठेवली. "दर मॅचला अशीच दुप्पट करत आलो, तर चौथ्या मॅचला किती होतील?"

ती उंच बाई आणखीच हसली.

"हसू नकोस," दाभण म्हणाली. "मोज."

ती हसत हसतच बोटांवर मोजायला लागली. चौथ्या बोटाशी तिचं हसू थांबलं.